मागच्या भोयाचा खांदा

पूर्वी अश्मक देशातल्या पोतन नगरीत एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्माला आला. राजाचे नाव आपल्याला नको, कारण तो या कथेत पुन्हा येत नाही. बोधिसत्त्वाचे दोन्ही पाय जन्मापासून लुळे होते. पण मनगटावर तीन बोटे टेकली की रोग्याचे कुठे काय बिनसले आहे ते त्याला कळे. आजारी माणसाने उठून वैद्याकडे यावे हे त्याला पटत नसे, म्हणून तो स्वतः डोलीत बसून रोग्यांकडे जाई. एक लांब दांडा, दांड्याला टांगलेली झोळी, झोळीवर ऊन लागू नये म्हणून कापड, आणि आत वैद्य. पुढे एक भोई, मागे एक भोई.

ही कथा त्या मागच्या भोयाची आहे. त्याचे नाव पिंगल.

डोलीला मागून खांदा देणे म्हणजे काय, ते ज्याने दिला त्यालाच ठाऊक. पुढच्याला वाट दिसते. मागच्याला दिसते ते डोलीवरचे कापड, आणि फार तर स्वतःच्या पायाची बोटे. म्हणून भोयांत अशी रीत की पुढच्याने वाट बोलत जायचे. दगड आला की ‘दगड, डावा’. खळगा आला की ‘खळगा’. उतार, चिखल, काटे, शेण, जे पायाशी येईल ते बोलायचे. मागचा त्या शब्दांवर पाऊल टाकतो.

सतरा वर्षे पिंगलाच्या पुढे भद्रिक नावाचा भोई होता. आणि काय त्याचे बोलणे! दगडधोंडे तर तो सांगेच, पण “समोरनं म्हातारी येतेय, डोक्यावर लाकडं आहेत, उजवीकडे दब,” हेही सांगे. “आंब्याला मोहोर आलाय रे पिंगला, मान वर करू नकोस, नुसता वास घे,” हेही सांगे. सतरा वर्षे पिंगल भद्रिकाच्या डोळ्यांनी चालला आणि एकदाही अडखळला नाही. मग एका पावसाळ्याच्या अखेरीला भद्रिक तापाने आजारी पडला. बोधिसत्त्वाने जेवढे म्हणून उपाय होते तेवढे केले. तरी तो गेला.

त्याच्या जागी खेमक आला. खेमक अंगाने दणकट, चालायला काटक. मुका नव्हता, पण असता तरी फारसा फरक पडला नसता. “जेवलास का?” विचारले तर “हं.” “घरी कोण कोण?” विचारले तर “आहेत.” पहिल्या दिवशी त्याने दांडा खांद्यावर घेतला आणि मुकाट चालू लागला. वीस पावलांवर एक दगड होता. खेमक त्यावरून आरामात पाय टाकून गेला आणि पिंगलाचा अंगठा फुटला.

“अरे, दगड होता!” पिंगल ओरडला.

“होता,” खेमक म्हणाला.

पिंगल काही वाईट माणूस नव्हता. त्याने आधी समजावून सांगितले. मग सगळ्या हाका एकेक करून शिकवल्या. मग चिडला. “मूग गिळलेत काय रे? एक शब्द टाकायला तुझं काय जातं?” खेमकाने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून बोलायचा प्रयत्नही केला. पण स्वतः दगड ओलांडायचा, पिंगलाला ठेच लागायची, डोली हेलकावे खाऊन पुन्हा थाऱ्यावर यायची, आणि मग पुढून आवाज यायचा, “दगड.” त्यावर बोधिसत्त्व आतल्या आत हसे आणि पिंगलाच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

चौथ्या दिवशी खेमकाने ते सोडून दिले. “चालतो तेव्हा चालतो,” तो म्हणाला. “तोंडाकडे बघायला गेलं की पाय चुकतो.” खेमकाच्या तोंडून एवढे लांब बोलणे आजवर कुणी ऐकले नव्हते.

असे पाच महिने गेले. खरे सांगायचे तर पिंगलाचे दुखणे पायात नव्हते. कापडामागच्या त्या आंधळ्या जागेत कुणी “उजवीकडे दब” म्हटले की आपण एकटे नाही असे त्याला वाटे. आता तिथे तो एकटा होता, आणि त्याबद्दल तो खेमकाला क्षमा करायला तयार नव्हता.

नदीच्या उतारावर डोली टेकली आणि खेमक पाणी प्यायला गेला की पिंगल रोज बोधिसत्त्वापाशी गाऱ्हाणे घेऊन बसे. आज वळण सांगितलं नाही. आज बाभळीखालून नेलं आणि काटे सांगितले नाहीत. आज बैल आला तरी गप्प.

एकदा बोधिसत्त्व म्हणाला, “पिंगला, खेमक काय काय करीत नाही ते मला आता तोंडपाठ झालं. तो काय करतो, ते सांग बघू.”

पिंगलाने तोंड उघडले आणि तसेच राहिले. पाच महिने ज्याच्या मागे चालला, त्याच्याविषयी त्याला सांगता येईना. शेवटी म्हणाला, “चालतो.”

“आणखी?”

“आणखी काय असणार, वैद्यराज? भोई आहे तो.”

“मी नाडी बघतो ना,” बोधिसत्त्व म्हणाला, “तेव्हा कालच्या रोग्याची नाडी आजच्या मनगटात शोधत बसलो, तर आजचा रोगी माझ्या हातचा जाईल. उद्यापासून हाकेची वाट बघू नकोस. खांद्यावर काय येतं तेवढंच बघ.”

पिंगल “बरं” म्हणाला. दुसऱ्या दिवशी दहा पावले त्याने तसे केलेही. अकराव्या पावलाला कान पुन्हा पुढे लागले, बोट ठेचाळले आणि तो पुन्हा मनात शिव्या मोजू लागला. शेवटी तो बोधिसत्त्वाला म्हणाला, “मला दुसरा जोडीदार बघून द्या. नाहीतर मी ही डोली सोडतो.”

“उद्याची फेरी होऊ दे,” बोधिसत्त्व म्हणाला. “मग तू म्हणशील तसं.”

ती फेरी कसली निघाली बघा. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आले असताना पिंगलाची लेक उत्पला हिची नणंद धापा टाकत वैद्याच्या दारात आली. उत्पला घारकड्यापलीकडच्या पळसगावी दिली होती आणि तिचे दिवस भरले होते. “बाळ आडवं आलंय,” नणंद म्हणाली. “कालपासून कळा देतेय पोर. आता ओरडायचंही त्राण नाही. सुईणीनं हात टेकले. वैद्यराजांना घेऊन चला, दिवस मावळायच्या आत चला.”

पळसगावाला दोन वाटा. नदीकाठची वाट दीड दिवसाची. दुसरी कड्याच्या पोटातून कोरल्यासारखी गेलेली, दोन घटकांची. तिथे एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काही नाही. रुंदी एका माणसाची. त्या वाटेने आजवर कुणी डोली नेली नव्हती.

पिंगल पुढे खांदा द्यायला दुसरा कुणी मिळतो का ते बघायला भोईआळीत धावला. दोघे लग्नाची डोली घेऊन परगावी गेले होते. तिसऱ्याने कड्याचे नाव ऐकूनच हात जोडले. पिंगल परत आला तेव्हा खेमकाने झोळीच्या गाठी आवळल्या होत्या, औषधांची पिशवी आत बांधली होती आणि पुढचा दांडा खांद्यावर घेऊन तो उभा होता.

पिंगल त्याच्या पायांशी वाकला. “आज बोल रे बाबा. पाया पडतो तुझ्या. माझी एकुलती एक लेक आहे. आजच्या दिवस बोल.”

खेमकाने त्याला उठवले. “तिथं बोलायला गेलो तर पाय जाईल,” तो म्हणाला. खोटा शब्द देणेही त्याला जमत नसे.

पिंगल बोधिसत्त्वाकडे वळला. “वैद्यराज, हा गप्प राहिला तर तिघेही खाली जाऊ. आम्हाला निदान कातळाला मिठी मारता येईल. तुम्हाला तेही नाही. तुम्ही येऊ नका असं म्हणवत नाही, या असंही म्हणवत नाही.”

“मला तर नुसतं बसायचंय,” बोधिसत्त्व म्हणाला. “उचला.”

कड्यावर वारा होता. पिंगलाच्या नाकासमोर कापड फडफडत होते. प्रत्येक पावलाला त्याचा जीव कानात गोळा होई. आता सांगेल, आता तरी सांगेल. पुढून शब्द येत नव्हता. आणि मग त्याची डावी टाच पडली ती पोकळीत. त्याने कसेबसे अंग कातळावर टाकले. पायाखालचे खडे सुटले आणि खाली पडल्याचा आवाज फार वेळाने आला. डोली हेलकावली. पुढे खेमक जागच्या जागी थांबला.

कापडाआडून आवाज आला, घरी ओसरीवर बसून बोलावे तसा. “पिंगला, कुणाची वाट बघतोयस?”

“हा बोलत नाही हो, वैद्यराज!” पिंगल जवळजवळ रडत म्हणाला.

“हा कधी बोलत होता?”

पिंगलाने पाय चाचपत पुन्हा वाटेवर घेतला.

“बोलायचा तो भद्रिक,” बोधिसत्त्व म्हणाला. “भद्रिक गेला, पिंगला. पुढे खेमक आहे.”

पिंगलाला तेव्हा रडू फुटले. पाच महिन्यांत तो भद्रिकासाठी रडला नव्हता. खेमकावर चिडण्यातून त्याला सवडच झाली नव्हती. आज त्या अरुंद वाटेवर, खांद्यावर दांडा आणि पलीकडे लेक मरणाच्या दारात असताना, त्याला पहिल्यांदा कळले की आपला मित्र मेला आहे. डोळे पाण्याने भरले. तसेही त्या डोळ्यांना काही दिसत नव्हते, तेव्हा काही बिघडले नाही.

मग त्याने श्वास घेतला आणि पुढचे पाऊल टाकण्याआधी खांद्यावर काय आहे ते पाहिले.

दांडा होता. आणि दांडा स्थिर नव्हता. एका ठिकाणी तो बोटभर वर उचलला गेला, आणि मागोमाग पिंगलाच्या पायाशी दगड आला. पुन्हा एकदा तसाच उचलला गेला, पुन्हा दगड. वाट खचलेली असे तिथे दांडा आधी जड होई. वळण येण्याआधी तो मानेकडे सरके. निसरडे असेल तिथे खेमक पाऊल टाकून क्षणभर थांबे, जोर देऊन बघे, आणि ते थांबणे दांड्यातून जसेच्या तसे मागे येई. पिंगलाचे मन मधूनच कानाकडे पळे. हाक नाही, हाक नाही, म्हणून घाबरे. पिंगल त्याला पुन्हा खांद्यावर आणून ठेवी. रागावत नसे, नुसता आणून ठेवी. असे किती वेळा झाले त्याची गणती नाही.

अर्ध्या वाटेवर दांडा एकाएकी थांबला, आणि सावकाश खाली जाऊ लागला. खाली, आणखी खाली. पिंगलाने का म्हणून विचारले नाही. दांड्याबरोबर तोही गुडघ्यांवर आला. कातळाचे एक छप्पर दांड्याच्या वर चार बोटांवरून मागे गेले, मग त्याच्या स्वतःच्या डोक्यावरून गेले. तो उभा चालत राहिला असता तर काय झाले असते, ते सांगायची गरज नाही.

ऊन कलले तेव्हा ते पळसगावात होते. बोधिसत्त्वाला उचलून उत्पलेच्या खाटेशी बसवले. त्याने पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ काहीच केले नाही. मग बोटांनी बाळाला हळूहळू वळवू लागला. अंगणात पिंगल आणि खेमक शेजारी शेजारी बसले होते. पिंगल काही बोलत नव्हता, खेमक तर काय बोलणार! थोड्या वेळाने खेमकाने आपल्या कमरेची पाण्याची भोपळी काढून त्याच्यापुढे ठेवली. पिंगल प्यायला. दिवस मावळता मावळता आतून बाळाचे रडणे ऐकू आले, आणि त्यामागून उत्पलेचा क्षीण आवाज, “बाबा आलेत का?”

तीन दिवसांनी ते नदीकाठच्या वाटेने परत निघाले. उतारावर डोली टेकल्यावर बोधिसत्त्व म्हणाला, “हं पिंगला, तुझी फेरी झाली. दुसरा जोडीदार बघायचा ना?”

“नको,” पिंगल म्हणाला.

“मग सांग, खेमक काय करतो?”

पिंगल सांगू लागला आणि थांबेचना. दगडाआधी दांडा कसा उचलतो, वळणाआधी मानेकडे कसा सरकवतो, चढावर श्वास कसा लांबवतो, शंका आली की पाऊल टाकून कसा तोलून बघतो. खेमक पाणी पिऊन आला होता. तोही ऐकत उभा राहिला.

“मी असं करतो?” त्याने विचारले.

बोधिसत्त्व इतका हसला की झोळी हलली.

पुढे दोघांनी पुष्कळ वर्षे एकत्र खांदा दिला. पिंगल अधूनमधून ठेचाळेच, नाही असे नाही. मग पुढून उशिरा आवाज येई, “दगड.”

आणि मागून पिंगल म्हणे, “हं.”

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनात एका भिक्षूला सांगितली. त्याचा आधीचा सोबती कुटीतून निघताना “येतो, आयुष्मान” म्हणून जाई. तो दूरच्या विहारात गेला आणि नवा सोबती आला, तो न सांगता उठून जाई. यावरून हा भिक्षू झुरत होता, नीट जेवत नव्हता, ध्यानाला बसला की दाराकडे कान लावी. शास्त्यांनी त्याला बोलावून विचारले, “भिक्षू, हे खरे का?” “खरे आहे, भंते,” तो म्हणाला. तेव्हा शास्त्यांनी ही कथा सांगून असा मेळ घातला: त्या वेळचा पिंगल म्हणजे आज हा भिक्षू होय. खेमक म्हणजे त्याचा आताचा सोबती, आणि भद्रिक म्हणजे आधीचा. डोलीतला वैद्य मीच होतो. माणसाकडून काय यायला हवे याचा हट्ट सोडून, त्याच्याकडून काय येते आहे याचे भान ठेवणे, ही सम्यक स्मृती होय. त्या दिवशी कड्यावरून तिघांना तिनेच नेले.

भिक्षू वंदन करून आपल्या कुटीकडे परतला. सोबती नव्हता. न सांगताच गेला होता. दाराशी पाण्याचा घडा काठोकाठ भरून झाकून ठेवलेला होता. तो रोजच असा भरलेला असे. भिक्षू तिथे थांबला, आणि त्याने तो पहिल्यांदा पाहिला.