बेहड्यावरची ढोली

रानातल्या ढोल्याही भाड्याने जात, तेव्हाची ही गोष्ट. बेहड्यावरची एक ढोली म्हाताऱ्या शेकरूची होती. धनेश पक्ष्यांचं जोडपं ती मागायला आलं.

"पिल्लू उडेपर्यंत राहू द्या, आबा. रोज उंबरं देऊ."

"शब्द दिलात, पुरे झालं," शेकरू म्हणाला.

मादी आत बसली आणि धनेशांच्या रीतीप्रमाणे, चोचीपुरती फट ठेवून तिने ढोलीचं तोंड मातीने लिंपून घेतलं.

पुढे उंबरं यायची थांबली. शेकरू फटीशी जाऊन ओरडला, "भाडं कुठंय?"

"हे बाहेर गेले ते परतलेच नाहीत, आबा. आम्हीही उपाशी आहोत."

"सबबी नकोत! ढोली रिकामी कर." रागाच्या भरात त्याने दातांनी ती मातीची भिंत फोडली.

आत पिसं गळालेली आई उघड्यावाघड्या पिल्लाला पोटाशी घेऊन थरथरत होती. दोघांनाही उडता येत नव्हतं. शेकरू वरमला आणि उंबरं आणायला धावला. तो परतला तेव्हा घोरपड पिल्लू घेऊन गेली होती.

त्याने उंबरं पिल्लाच्या आईपुढे ठेवली. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"ढोली तुमची होती, आबा," ती म्हणाली. "भिंत आमची होती."