गयाबाईंची अंगाई

नदीकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध प्रवचनकार राहत असत. पंचक्रोशीत कोणाचाही दहावा असो, पिंडाला कावळा शिवेपर्यंत घाटावर चार शब्द सांगण्यासाठी बोलावणे त्यांनाच येई. सारे त्यांना आबा म्हणत. त्यांचा एक शिष्य होता, चांगला पस्तिशीचा, बायकामुलांचा माणूस. शाळेतली नोकरी सोडून तो या मार्गाला लागला होता. आबांचे पाठांतर, त्यांचा विराम, गळा दाटला की उपरणे डोळ्यांना लावणे, सारे त्याने दोन वर्षांत उचलले होते. मात्र दहाव्याच्या आदल्या दिवशी आबा एकटेच कुठे जातात, हे त्याने कधी विचारले नव्हते. स्वतःच्या नावाने, मानधन घेऊन तो अजून एकदाही उभा राहिला नव्हता. बायकोने त्याबद्दल विचारणेही सोडून दिले होते, आणि तेच त्याला जास्त लागे.

अखेर बोलावणे आले. पलीकडच्या गावात गयाबाई नावाच्या वृद्धा वारल्या होत्या. नातलगाने फोनवर नाव सांगितले, वय सांगितले, मागे एक मुलगा आणि एक मुलगी आहे एवढे सांगितले. शिष्य धावतच आबांच्या पाया पडायला गेला.

आबा म्हणाले, "आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बस."

"कशाला आबा? प्रवचन तर घाटावर आहे."

"जाऊन बस, एवढंच सांगतो."

म्हाताऱ्या माणसांना वेळच वेळ असतो, असे मनाशी म्हणत शिष्य घरी आला आणि दहाव्याचा आदला दिवस त्याने आरशासमोर भाषण घोटण्यात घालवला. विषय 'आई'. इतका हुकमी विषय दुसरा नाही.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून तो थेट घाटावर उतरला, आणि काय बोलला म्हणता! पहाटेचे जाते आले, ओव्या आल्या. "या लेकरांना ज्या अंगाईने गयाबाईंनी निजवले, तो आवाज मी आज या घाटावर शोधतो आहे," असे म्हणून त्याने विराम घेतला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. नेमका त्याच क्षणी कावळा पिंडाला शिवला, आणि याचेही श्रेय आपल्याच वाणीला, असे बिचाऱ्याला वाटून गेले. गयाबाईंचा मुलगा रावसाहेब याने भरल्या डोळ्यांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, नारळ आणि पाकीट दोन्ही हातांनी दिले. गर्दीतल्या एका कुटुंबाने येत्या गुरुवारच्या दहाव्याचे तिथेच ठरवूनही टाकले.

निघताना एक म्हातारा फाट्यापर्यंत मागे बसला. उतरल्यावर म्हणाला, "बोललात लई ग्वाड, महाराज. गयाबाई जन्माची मुकी व्हती, एवढंच." आणि आपल्या वाटेने गेला.

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सकाळी त्याने ती शाल आबांच्या पायांशी ठेवली. "मला हे जमायचं नाही, आबा. गुरुवारचं नाही म्हणून कळवतो."

आबांनी काठी उचलली. "चल."

दोघे रावसाहेबाच्या घरी गेले. आबा आता शब्द टाकतील आणि आपल्याला सोडवतील, या आशेवर शिष्य होता. पण आबा ओसरीवर टेकले ते गप्पच. चहा आला, कप रिकामे झाले, तास उलटला. बोलण्यावर ज्यांचे आयुष्य गेले ते तोंड उघडीनात, आणि शिष्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले.

मग गयाबाईंची मुलगी आपणहून म्हणाली, "आई ताटलीवर चमचा वाजवून हाक मारायची. दादाला दोनदा, मला तीनदा."

रावसाहेब म्हणाला, "अजून दिवेलागणीला कान तिकडंच जातो."

शिष्याने हात जोडले. "रावसाहेब, काल माझं चुकलं."

"असू द्या महाराज. तुम्ही सांगत व्हता तवा मनात आलं, आई गायली असती तर कशी गायली असती. मग मात्र लई वाईट वाटलं."

परतीच्या वाटेवर आबा बोलले. "तुला म्हाताऱ्यानं सांगितलं, म्हणून कळलं. सुरुवातीला मीही थेट घाटावरच जायचो. एकदा चुकून आदल्या दिवशी एका घरी पोहोचलो, तिथं बसलो, आणि माझं घोटलेलं भाषण त्या माणसाचं नव्हतंच हे उमगलं. तेव्हापासून आधी जाऊन बसतो. पण त्याच्याआधीचं काय? दुःखातला माणूस वक्त्याची चूक काढत नाही, त्याला शाल पांघरतो. माझ्या प्रवचनांत अशा किती मुक्या बायका गायल्या असतील, ते मला मरेपर्यंत कळायचं नाही."

आबांनी उपरणे डोळ्यांना लावले. ही लकब शिष्याने कितीदा गिरवली होती. ती कुठून आली, हे त्याला आज कळले.

बुधवारी दुपारी एका अनोळखी घराच्या दाराशी तो उभा राहिला. आतून एक विधवा बाई बाहेर आली आणि गोंधळून म्हणाली, "महाराज, प्रवचन उद्या हाय ना?"

"उद्याच आहे, ताई," तो म्हणाला. "आज नुसता बसायला आलोय."