जुना इंजेक्टर आणि डबीतला नवा

यंत्रंही सुखदुःखाचं बोलायची, तेव्हाची गोष्ट. एका जीपचा म्हातारा इंजेक्टर कचऱ्याने तुंबला. डिझेलचा फवारा उडेना, गाडी चढावर आचके देई. गॅरेजच्या गवंडेमिस्त्रींनी त्याला काढून बाकावर ठेवलं. शेजारी डबीत नवा इंजेक्टर होता.

“घे बाबा माझी जागा,” म्हातारा म्हणाला. “इंजिनातल्या बाकीच्या इंजेक्टरांना, माझ्या धाकट्या भावांना सांभाळ. थंडीत कुरकुरतात.”

नव्याला राहवेना. “मिस्त्री, आधी काकांना धुऊन तर बघा. मी काय पळून चाललोय?”

मिस्त्रींनी म्हाताऱ्याला कचरा सोडवणाऱ्या औषधात बुडवून फवारा तपासायच्या मशीनवर लावलं. आधी नुसता थेंब ओघळला. पुन्हा धुतल्यावर धुक्यासारखा फवारा उडाला.

“आणि तुझं रे काय?” जीपकडे निघताना म्हाताऱ्याने विचारलं.

“ज्याचं धुऊनही भागणार नाही, त्याच्या जागी जाईन. तेव्हा मन खाणार नाही.”