सगुणाआत्याने चाचपलेला दोर

दिवस सोमवार, बाजाराचा. सूर्य कासराभर वर आलेला. जागा सुंभेवाडीतल्या आबाजी सावकाराची ओसरी. तिथे लिंबाजी नावाचा दोर वळणारा माणूस कर्जापायी जन्मभराचा गडी व्हायला उभा होता. सगळा बाजार बघत होता आणि कोणी तोंड उघडत नव्हतं.

आपल्या पणज्यांच्याही पणज्यांच्या काळातली ही गोष्ट. सुंभेवाडीची माणसं अंबाडीच्या सालीचे धागे, म्हणजे वाख काढायची, दोर वळायची आणि त्यावर कसंबसं पोट भरायची. लिहिता-वाचता कोणालाच येत नव्हतं. कर्ज काढलं की सावकाराकडे त्या माणसाच्या नावाचा एक लांब दोर राहायचा. हप्ता दिला की देणाऱ्याने स्वतःच्या हाताने त्यावर गाठ मारायची, आधीच्या गाठीच्या हातभर पुढे. मागच्या गाठींकडे मात्र बघायचं नाही. तसं बघणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं, अशी गावाची रीत. दोर खोटं बोलत नाही, यावर त्या भाबड्या माणसांचा एवढा विश्वास, की घरी कोणी हिशेबच ठेवला नाही.

लिंबाजीने वीस रुपये घेतले होते. महिन्याला रुपया, अशा तीस गाठी झाल्या की व्याजासकट कर्ज फिटणार होतं. तो सहा वर्षं रुपया देत होता. आणि सावकार म्हणत होता, गाठी चौदाच!

सगुणा लिंबाजीची थोरली बहीण, शेजारच्या गावात दिलेली. तिला हे त्याच सकाळी बाजारात कळलं. डोक्यावरचा वाखाचा भारा तिने तिथेच टाकला आणि ओसरी गाठली.

"लिंब्या, मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली, अक्का."

"बहिणीला सांगायची लाज वाटली, आणि गडी व्हायची नाही वाटली?"

सगुणाने सावकाराकडे दोर मागितला. सावकार हसला. "काय गं सगुणे, तुला विसाच्या पुढे मोजता येतं का?"

"मोजायला हा बाजार आहे, सावकार. मला पीळ कळतो."

रीत मोडली म्हणून म्हातारे कुरकुरले. तिने लक्ष दिलं नाही. चुलीतला कोळसा मागून घेतला, डोळे मिटले आणि दोर मागच्या टोकापासून बोटांतून सरकवायला सुरुवात केली. गाठ सोडली तरी त्या जागी पीळ चेपलेला राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण जन्मभर दोर वळलेल्या बोटांना सापडतो. जिथे पीळ चेपलेला लागला, तिथे ती कोळशाची खूण करत गेली.

असं म्हणतात, की तिची बोटं जिथून गेली तिथे सोडवलेल्या गाठी आपोआप पुन्हा बसू लागल्या. असं म्हणतात, की दोर ओसरीत मावेना. तो पायऱ्या उतरला, बाजारातून निघाला आणि नदीपर्यंत गेला. बाजार मोठ्याने मोजत होता. तीस झाल्या तेव्हा कोणीतरी ओरडलं, "फिटलं! आत्या, फिटलं!"

सगुणा थांबली नाही. चाळीस. पन्नास. अठ्ठावन्न खुणा, आणि पुढे उभ्या असलेल्या चौदा गाठी. बहात्तर! मालाच्या पाट्या घेऊन आलेली माणसं पाट्या डोक्यावरच ठेवून उभी राहिली.

तिने भावाचा दंड धरला. "चल घरी. आणि याच्यापुढं कर्ज घ्यायचं झालं, तर आधी माझ्याकडं यायचं."

पण लोक आता हलेनात. त्यांनी सावकाराच्या माळ्यावरचे सगळे दोर खाली ओढले. त्याच्या गोठ्यात सात गडी राबत होते. सगुणाने सातही दोर चाचपले. सातही कर्जं कधीच फिटलेली होती. सात माणसं तिथून निघाली ती मागे वळून न बघता.

आजही सुंभेवाडीत घरातलं कोणी कर्ज काढायला निघालं, की बहीण किंवा आत्या सोबत जाते. दोर आता कर्ज फेडणाऱ्याच्याच घरात राहतो. आणि वर्षातून एकदा, त्या सोमवारी, चावडीपुढे सगळे दोर पसरून म्हाताऱ्या बायका ते डोळे मिटून चाचपतात. याला सगुणाआत्याचा सोमवार म्हणतात.

माळ्यावर आठवा दोरही निघाला होता. तो बहिर्जीचा. बहिर्जी तीन वर्षांपूर्वी त्याच गोठ्यात, गडी म्हणूनच मेला होता. सगुणाने त्याचा दोर चाचपला. त्याचंही कर्ज तीस गाठींचंच, आणि तिसावीच्या पुढे मरेपर्यंत महिन्याला मारलेल्या आणखी बहात्तर गाठींच्या खुणा लागल्या, म्हणजे ते मरणाच्या सहा वर्षं आधीच फिटलं होतं. त्याची बायको गर्दीत पुढेच उभी होती. तिने विचारलं, "मग ती सहा वर्षं ते कोणाचं देणं फेडत होते?"

आबाजी सावकाराने उत्तर दिलं नाही. त्याच्या मुलाने दिलं नाही, नातवाने दिलं नाही. आजपर्यंत कोणीच दिलेलं नाही.