तिसरा बाजार

“मग अजून शिकायचं तरी काय राहिलंय, बाबा? ते एकदाचं सांगून टाका!”

शर्वरीनं फाईल फकिरापुढं आपटली. तोंडावर स्कार्फ होता म्हणून आवाज जरा दबला, नाहीतर तो राग पार गुरांच्या बाजारापर्यंत ऐकू गेला असता.

लालशा फकीर लिंबाखाली, आपल्या तकियाच्या, म्हणजे फकिराच्या मठीच्या, पायरीवर भाकरी खात होता. चाळीस वर्षं आठवडी बाजाराच्या तोंडाशी बसलेला माणूस. बाजारात नवं दुकान मांडणारा आधी त्याच्या पाया पडून जाई. तो कुणाला उपदेश करत नसे, आणि म्हणूनच लोक त्याला विचारायला येत. शर्वरीचं चटणीचं टेबल त्याच्या पायरीला लागूनच होतं.

त्यानं फाईल उघडली. नवउद्योजक शिबिर, पाच दिवस. पहिला व्यवसाय, ऑनलाइन, चाळीस व्हिडिओ. ब्रँडिंग. पॅकिंग. ग्राहकाचं मानसशास्त्र. प्रत्येकाचं प्रमाणपत्र, प्रत्येकाच्या नोट्स.

“हे शिकवणाऱ्यांनी स्वतः कधी काय विकलंय?”

“शिबिरं!” शर्वरी फणकारली. “दीड वर्ष घातलं मी यांच्यापायी. गिऱ्हाइकाच्या मनात काय चालतं ते मेल्यांनी चार रंगांत काढून शिकवलं. पण गिऱ्हाईक कुठाय? मागचा बाजार कोरडा, त्याच्या मागचा कोरडा. अण्णांनी तीनच बाजार दिलेत मला. आज काही खपलं नाही, तर सोमवारपासून पतपेढीत कारकुनी!”

“चटणी दे जरा.”

तिनं दिली. त्यानं भाकरीचा तुकडा लावून खाल्ला. मग दुसरा.

“काराळ्याची?”

“हो. खलबत्त्यात कुटलेली.”

“झकास आहे.”

झालं! पोरगी आणखीच भडकली.

“झकास आहे तर खपत का नाही?”

“हाक मारतेस का लोकांना?”

“बोर्ड लावलाय की! एवढा मोठा, रंगीत!”

फकिरानं बोर्डाकडं पाहिलं. पलीकडं टोमॅटोवाली घसा फोडून ओरडत होती. लसूणवाला तर गाणंच म्हणत होता. आणि ही बया सकाळपासून बोर्डामागं गप्प उभी. स्कूटीवर येताना तोंडाला बांधलेला स्कार्फ तसाच, नुसते डोळे दिसतायत.

“धुळीसाठी बांधलाय,” ती म्हणाली.

“मी कुठं विचारलं?”

...

फकिरानं हात पुसले. शेजारचा कटोरा उचलला आणि तिच्या हातात ठेवला.

“असं कर बेटी. तुझी चटणी मी विकतो. तू माझा कटोरा घेऊन पाच दुकानं फिरून ये.”

शर्वरीला आधी समजेचना. मग समजलं.

“मी? भीक मागू? अहो, हेडमास्तर इंगवल्यांची मुलगी आहे मी! लोक काय म्हणतील?”

“लोकांना कळणार कसं?” फकीर शांतपणे म्हणाला. “तोंड तर बांधलेलंय.”

...

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा अपमान तिचा जन्मात कुणी केला नव्हता, आणि त्यातला एक शब्दही खोडून काढता येत नव्हता. त्याचाच जास्त संताप. तिनं कटोरा पायरीवर आदळला, स्कार्फ ओरबाडून काढला आणि टेबलापुढं येऊन उभी राहिली.

“हे घ्या तोंड! बघा सगळ्यांनी! शर्वरी इंगवले! चोरी नाही केली मी, चटणी केलीय! काराळ्याची, स्वतःच्या हातानं कुटलेली! असली चटणी या बाजारात दुसऱ्या कुणाकडं असेल तर आणून दाखवा!”

टोमॅटोवाली ओरडता ओरडता थांबली. लसूणवाल्याचं गाणं बंद पडलं. निम्मा बाजार मान वळवून बघायला लागला.

आणि नेमक्या घाटगेबाई तिथून चालल्या होत्या. तिच्या वडिलांच्या, अण्णांच्याच शाळेतल्या. शर्वरीला सातवीत शिकवलेल्या. ज्यांच्या नजरेला पडायचं नाही म्हणून हा सगळा खटाटोप, त्यातल्या पहिल्या नंबरच्या. पिशवी सावरत त्या टेबलापाशी आल्या.

“शर्वरी? तूच होय गं? बघू, कसली चटणी? फार तिखट आहे का?”

शर्वरीचा राग कुठल्या कुठं पळाला. गिऱ्हाइकाच्या पहिल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, यावर अख्खा धडा होता की! नोट्ससुद्धा काढल्या होत्या! ती फाईल घ्यायला वळली.

फकीर फाईल खाली घेऊन तिच्यावर मांडी घालून बसला होता. उरलेली चटणी भाकरीला पुसत होता.

“बाबा, उठा ना जरा... ती फाईल...”

फकीर हलला नाही.

“मला काय सांगतेस? बाई तुला विचारतायत.”