बांगडीएवढं उघडणारं दार

घर विकत घेणाऱ्यालाच घर धरून ठेवते, अशा आशयाच्या कथा घाटावर आणि किनाऱ्यावर दोन्हीकडे सांगितल्या जातात. त्यांपैकी प्रस्तुत कथेचे तीन पाठ उपलब्ध आहेत. पहिल्यात नायिका कुंभारीण आहे आणि तिचा नवरा तिला परत मिळत नाही. दुसऱ्यात शेवटी एक साधू येतो आणि ते घर जाळतो. हा शेवट मागाहून जोडलेला असावा, कारण कथेत साधूला दुसरे काहीच काम नाही. तिसऱ्या पाठात नायिका कासारीण आहे. तो अनुसयाक्का कासार यांनी आपल्या नातवंडांना निजवताना सांगितला. बांगड्या भरण्याच्या कामाचे तपशील केवळ याच पाठात आढळतात. अनुसयाक्कांनी स्वतः चाळीस वर्षे तो धंदा केला होता. येथे हाच पाठ, शक्यतो त्यांच्याच शब्दांत, दिला आहे.

एकदा काय झालं, एका मोठ्या पेठेच्या टोकाला सगुणा नावाची कासारीण राहत होती. तिचा नवरा दामा. तो भट्टीवरून काच आणायचा, ती घरोघर फिरून बांगड्या भरायची. राहायला भाड्याची पडवी. वर मालकीणबाई. तिनं डोळे वटारले की यांनी चूल विझवायची, असं चाललेलं. दामाला एकच ध्यास होता. स्वतःचं दार हवं. आतून कडी लावता येईल असं दार.

मग दोघांनी काय केलं, कोनाड्यात तीन गाडगी मांडली. एक घराचं. एक मालाचं, म्हणजे काच फुटली, भट्टी बंद पडली, तरी धंदा उभा राहावा. आणि एक दुखण्याखुपण्याचं. बारा वर्षं झाली. एकाचं दुसऱ्यात कधी घातलं नाही, बरं का. दामा एकदा म्हणाला, "अगं, तिन्ही एकत्र केली तर आजच घर येईल." सगुणा म्हणाली, "येईल. आणि उद्या तुम्हांला ताप आला तर भिंत उकळून पाजू का?" दामा हसला. पण ते बोलणं त्याच्या मनातून गेलं नाही.

मग एके दिवशी पेठेत एक माणूस आला. स्वच्छ धोतर, मऊ आवाज. पापणी लवायची, पण फार उशिरा लवायची. म्हणाला, "पेठेच्या पलीकडे, ओढ्याच्या वळणावर माझं घर आहे. विकायचंय." किंमत सांगितली. ती अगदी एका गाडग्याएवढी! अशा घराला दोन गाडगी पडायची, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. दामाला वाटलं, नशीब उघडलं. सगुणाला वाटलं, यानं आपलं गाडगं कधी मोजलं?

मग सकाळी दोघं घर बघायला गेली. घर सुंदर होतं. सारवलेलं अंगण, शिसवी दार, आत गारवा. सगुणा थेट स्वयंपाकघरात गेली. चूल होती. चुलीवर काजळी नव्हती. आत हात घातला, तर राखेची चिमूटही नव्हती.

"इथं कोण राहत होतं?" तिनं विचारलं.

"पुष्कळ जण," तो माणूस म्हणाला.

"मग जेवत काय होते?"

तो नुसता हसला. म्हणाला, "बाई, उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार आहे. आज इसार द्याल तर घर तुमचं."

सगुणा म्हणाली, "सकाळी सगळीच घरं चांगली दिसतात. मी दुपारी येईन. मग संध्याकाळी येईन. आजूबाजूला विचारीन. त्यानंतर काय ते सांगू." त्या माणसाची पापणी लवली. तो दामाकडे बघत होता.

ती परत आली, बांगड्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि फेरीला गेली. दुपारी बायकांचे हात मोकळे होतात, तेव्हाच कासारणीचा धंदा, बरं का. चार घरं केली आणि सुटे पैसे घ्यायला ती पडवीत आली. कोनाड्यात बघते तो दोनच गाडगी. घराचं गाडगं नव्हतं. दामाही नव्हता.

मग सगुणा टोपलीसकट धावत सुटली.

भर दुपार होती. ओढ्याच्या वळणावर कावळा नव्हता, किडा नव्हता. झाडांच्या सावल्या बुंध्याशी गोळा झाल्या होत्या. त्या घराला मात्र सावलीच नव्हती. शिसवी दार बंद होतं आणि ओट्यावर तो माणूस बसला होता. बाजूला गाडगं, रिकामं, उपडं.

"माझे यजमान कुठं आहेत?"

"त्यांच्या घरात," तो म्हणाला.

सगुणानं दार ढकललं. ते हललं नाही. मग तिला दुसरं काही सुचेना, तेव्हा तिनं रोजची आरोळी दिली. "बांगड्या घ्या, बांगड्याऽऽ!" आणि दार उघडलं. किती उघडलं? एका बांगडीएवढं. त्या फटीतून एक हात बाहेर आला.

पुढे केलेला हात कासारीण टाळत नाही. सगुणा खाली बसली आणि तिनं तो हात हाती घेतला. गार होता, विहिरीतल्या दगडासारखा. तोंड दिसलं नाही तरी कासारणीला हात कळतो. करंगळी चुन्यानं भाजून वाकडी झालेली. बांगडीचं माप अडीच. दोन वर्षांपूर्वी तिनंच या हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. त्याच बांगड्या आता कोपरापर्यंत घसरत होत्या.

"गोजराबाई? लोणाऱ्याची गोजरा ना तू? तुम्ही गाव सोडून गेलात असं ऐकलं!"

"कुठं जाणार?" आतून आवाज आला. "घर घेतलं ना. आधी घरापुरतं दिलं. मग छपरासाठी म्हणून चुनभट्टीचं दिलं. मग लेकीच्या औषधाचं होतं, ते दिलं. आता निघालो तर दिलेलं सगळं बुडेल. म्हणून बसलोय."

हात आत गेला. मग दुसरा आला. म्हाताऱ्याचा, अत्तराचा वास येणारा. तळहात उघडून त्यानं आपल्याला मिळालेला कागद दाखवला. विकत दिल्याचा कागद. त्यावर हेच घर, हीच चार बाजूंची हद्द, हीच सही. आतल्या कोपऱ्यातून गोजरा म्हणाली, "आमच्यापाशीही तोच आहे." एकच घर, बाळांनो, आणि कागद घरातल्या प्रत्येकाजवळ!

हा हातही आत गेला. मग तिसरा हात आला. बोटांवर काचेचे बारीक ओरखडे, अंगठ्याला भट्टीचा चटका. तो हात सगुणाला माप न घेता कळला.

"सगुणा," आतून दामा म्हणाला, "बरी आलीस. मालाचं गाडगं आण. भिंतींचं दिलंय, छपराचं राहिलंय. एवढं दिलं की झालं."

त्याचा आवाज तृप्त होता. त्याचंच सगुणाला भय वाटलं.

ओट्यावरचा माणूस हळूच म्हणाला, "दुसरं गाडगं आणलंस तर दार अर्धं उघडेल. तिसरं आणलंस तर पुरतं. मग नवऱ्याला घेऊन जा, नाहीतर आत येऊन राहा. तुझी मर्जी."

इतर दोन्ही पाठांत या ठिकाणी घराला कोणाचा तरी शाप असल्याचे सांगितले जाते. अनुसयाक्कांनी ते सांगितले नाही. नातीने "घरात भूत होतं का?" असे विचारले, तेव्हा त्यांनी "नाही गं, गिऱ्हाइकं होती" एवढेच उत्तर दिले आणि गोष्ट पुढे नेली.

सगुणानं मनात हिशेब केला. दुसरं दिलं तर उद्या टोपलीत काच नाही. तिसरं दिलं तर पुढच्या दुखण्यात पेज नाही. आणि गोजरानं तिन्ही दिली होती. तिच्यासाठी दार कुठं उघडलं?

मग तिनं टोपलीतली तेलाची कुपी काढली. दामाच्या मनगटावर तेल चोळलं, बोटांच्या पेरांवर चोळलं. अंगठा तळहातात दुमडला. चिमुकल्या बांगडीतून मोठा हात कसा नेतात ते तिला ठाऊक होतं. हाडं मोडायची नाहीत, फक्त एकमेकांच्या जवळ आणायची. ती रोज शंभर बायकांना सांगायची तेच म्हणाली, "हात सैल सोडा. अंग सैल सोडा. आवळून धराल तर फुटेल."

हात आला. मग खांदा आला. मग मात्र अडलं.

"दुसऱ्या हातात काय आहे?"

"कागद."

"सोडा तो."

"वेडी झालीस? बारा वर्षांचं गाडगं आहे ते!"

"गेलं ते."

"अगं, थोडंच राहिलंय..."

"गेलं ते," सगुणा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात सरावानं काम करत होते. "त्याच्यामागं उरलेली दोन पाठवून ते परत येणार नाही. बारा वर्षं गेली. तेरावं तरी माझ्याबरोबर काढा."

तिच्या हाताखाली दामाचा खांदा सैल पडला. मग कागद जमिनीवर पडल्याचा आवाज झाला. इतका लहान आवाज, बरं का, पण ओट्यावरचा माणूस उठून उभा राहिला. आणि दामा त्या फटीतून बाहेर आला. डोकं, छाती, पाय. त्याची सावली मात्र जरा उशिरानं आली.

मग सगुणानं फटीत तोंड घालून हाक मारली. गोजरानं कागद टाकला आणि ती लेकीला कडेवर घेऊन बाहेर आली, मागोमाग तिचा नवरा. अत्तरवाल्या म्हाताऱ्याचा हात मात्र फटीपर्यंत आला, थांबला आणि आत गेला.

"मग तो?" नातवाने विचारले.

तो आतच राहिला. मागाहून पोलीस-पाटील आले, शिसवी दार तोडलं, तर आत नुसत्या भिंती, म्हातारा कुठंच नाही. ओट्यावरच्या माणसाचं काय झालं? काही नाही झालं. त्यानं गाडगं उचललं आणि तो ओढ्याच्या वाटेनं चालत निघून गेला. दुसऱ्या पेठेत, दुसऱ्या घराच्या ओट्यावर बसला असेल.

मग सगुणा आणि दामा पडवीत परत आली. मालकीणबाई म्हणाली, "काय गं, बंगला झाला का बांधून?" दोघांनी मान खाली घातली आणि ऐकून घेतलं. मालाच्या गाडग्यातून त्यांनी काच आणली. पावसाळ्यात दामा चाळीस दिवस तापानं पडला, तेव्हा तिसरं गाडगं तळापर्यंत गेलं. पण दामा उठला. मग बाजारातून नवं गाडगं आणलं, आणि पहिल्या दिवशी त्यात एकच नाणं पडलं.

नऊ वर्षं लागली.

मग शिंपीआळीत एक घर निघालं. दीड खोली. विकणारी बाई तोंडाची फटकळ. म्हणाली, "छप्पर गळतं, शेजारी घोरतो, न्हाणीला दार नाही. घ्यायचं तर घ्या." सगुणानं ते सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, पावसात बघितलं. शेजारणीला विचारलं, शेजारीण तासभर बोलली. आधीचे दस्त दामानं तलाठ्याकडून वाचून घेतले. हद्दीवरच्या चारी घरांनी "हो, घर हिचंच" म्हणून सांगितलं. किंमत घासाघीस करून उतरवली. घराचं गाडगं दिलं. उरलेली दोन नव्या घरातल्या फळीवर नेऊन ठेवली.

बुधवारी त्यांनी सामान हलवलं. दूध उतू घातलं, शेजाऱ्यांना वाटीवाटी दिलं. रात्री छप्पर एका जागी गळलं, तिथं दामानं परात ठेवली. मग त्यानं आतून कडी लावली आणि दोघं झोपली. तुम्हीही आता कूस बदला आणि डोळे मिटा.