बकुळाची अर्धी सुपली

वेळूच्या बनाशेजारी एक घर होतं. इतकं चिमुकलं, की मांजर आत शिरलं तर शेपटी दाराबाहेर राही. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा!

त्या घरात इवलीशी बकुळा, तिचे आबा आणि आत्या राहत. आबा सुपं विणायचे. पण गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या पोटातलं आजारी स्वादुपिंड काढून टाकलं, आणि मागोमाग साखरेचा आजार घरात शिरला. जेवणाआधी सुई. साखर कधी चढलेली, कधी उतरलेली. आणि थकवा तर असा, की झोपून उठले तरी आबा दमलेलेच.

लेकीला सातवं लागलं की बापानं सुपली विणून द्यायची, ही त्यांच्या घरची रीत. बकुळाचं सातवं सरत आलं, तरी तिची सोनसळी सुपली खुंटीवर अर्धीच लटकत होती.

"जखम कधीच भरली, दादा! आता ऊठ की!" आत्या रोज टोचायची. आत्याची जीभ म्हणजे कातरच. एके दिवशी बकुळाही बोलून गेली, "आबा, तुम्ही आळशी झालात."

आबा नुसते भिंतीकडे वळले.

ती पाठ बघून बकुळा रडत बनात पळाली. तिथं पोपटी पानावर बोटभर परी बसली होती, चंदेरी पंखांवर दवाचे मणी लेवून.

"रडून झालं, की उरलंय थोडं?"

"माझ्या आबांना पहिल्यासारखं कर ना!"

"कापलेलं मी जोडत नाही, राणी. थकवाही मला मारता येत नाही. घटकाभर दुसऱ्याच्या अंगावर घालता येतो, एवढंच. मध्येच काढत मात्र नाही हं."

बकुळानं नाक पुसलं. "मग माझ्या अंगावर घाल."

घरी येऊन ती चटईवर टेकली मात्र, हातापायांत ओली वाळू भरल्यासारखं झालं. नाकावर माशी बसली, हात उचलेना. तिकडे आबा उठले, सुपली घेतली, बोटं भराभर नाचू लागली.

"घ्या! बाप उठला, तर लेक लोळतेय! आळशी कुठली!" आत्या कडाडली.

बकुळाच्या गालांवर पाणी ओघळलं. ते पुसायलाही बळ नव्हतं. आबांना रोज असं होतं?

खिडकीत परी खुदकन हसली आणि उरलासुरला चिमूटभर थकवा तिनं आत्याच्या अंबाड्यावर टाकला. आत्या पळीसकट मटकन खाली! "अगं बाई, पापणीसुद्धा उचलेना!"

घटका सरली. सुपलीची कड तेवढी राहिली, आणि आबांचे हात पुन्हा गळाले.

"राहू द्या, आबा," बकुळा त्यांना बिलगली. "मी चुकले."

"कड उद्या विणू?"

"उद्या. नाहीतर परवा."

"आपणहून ओझं घेणारीला मी रिकाम्या हाती ठेवत नाही," परी म्हणाली. "रोज सकाळची एक घटका तुझ्या आबांची, अगदी ताजी. बाकीचा दिवस आहे तसाच."

मोतिया उजेडाचा झोत उठला, आणि खिडकीत फक्त दव उरलं.

दुसऱ्या सकाळी कड पुरी झाली. दुपारी आबा आडवे होतात, तेव्हा बकुळा त्याच सुपलीनं त्यांना वारा घालते. आणि आत्या? ती चवड्यांवर चालते.